पुणे ते लंडन: अंतर तेच, मग जाताना पाऊण तास जास्त का? (आई-बाबांच्या प्रवासासाठी विचारतेय)

कोथरूडची_लेक:

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलचक आहे पण सगळं नीट सांगते म्हणजे उत्तर द्यायला सोपं जाईल. आई-बाबा नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात लंडनला जातायत, भाऊ रेडिंगला असतो, मार्चच्या मध्याला परत येणार. दोघंही सत्तरीच्या पुढचे, एवढा लांबचा प्रवास पहिल्यांदाच, आणि बाबांना सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन असतं, त्यामुळे नक्की किती तास लागणार हे मला नुसतं अंदाजाने नकोय, व्यवस्थित समजून घ्यायचंय.

नेटवर पुणे-लंडन अंतर टाकलं की ७,३०० किमीच्या आसपास येतं. विमानाचा वेग ताशी ९०० धरला तर आठ तास आणि वर थोडी मिनिटं, बरोबर ना? आता मुंबईहून थेट विमान बघितलं तर जाताना दुपारी १:१५ ला निघून संध्याकाळी ५:३० ला पोचतं, येताना रात्री ८:३० ला निघून दुसऱ्या दिवशी सकाळी ११ ला मुंबईत. दोन्हीकडे तिथल्या तिथल्या वेळा आहेत हे माहितीये, साडेपाच तासांचा फरक धरून हिशोब केला तर जाताना पावणेदहा तास आणि येताना नऊ तास. आठ तर कुठेच नाहीत, आणि एकच अंतर, एकच विमान कंपनी, तरी पाऊण तासाचा फरक कसा?

बाबांचं म्हणणं वेगळंच आहे, ते म्हणतात पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, म्हणजे आपण हवेत असताना लंडन आपल्याकडे येत असणार, मग जायलाच कमी वेळ लागायला हवा. मला यावर काही बोलता आलं नाही.

आणि दुसरं म्हणजे एजंट सांगतोय की मुंबईचा रस्त्याचा त्रास कशाला, लोहगावहूनच म्हणजे पुण्याच्या विमानतळावरूनच बसा, दिल्लीमार्गे किंवा दुबईमार्गे जा, अंतर फारसं वाढत नाही. हे खरंय का? कृपया अनुभव असलेल्यांनी सांगा.


घाटमाथा_७२:

मुंबईहून थेट. वयस्कर माणसं, इन्सुलिन, पहिला प्रवास, एवढं असल्यावर मधे विमान बदलायच्या भानगडीत पडूच नका.


डिस्पॅच_डेस्क:

ताई, मी एअरलाइनमध्ये फ्लाइट डिस्पॅचला बरीच वर्षं होतो, म्हणजे विमानाने कुठल्या मार्गाने जायचं, किती उंचीवर उडायचं, इंधन किती घ्यायचं हा प्लॅन बनवायचं काम, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

तुमचे आठ तास का येत नाहीत ते आधी सांगतो. तिकिटावरची वेळ म्हणजे विमान हवेत असल्याची वेळ नसते. चाकांखालचे ठोकळे काढले आणि विमान गेटवरून मागे सरकलं की घड्याळ सुरू होतं, आणि तिकडे गेटला लागून पुन्हा ठोकळे बसले की थांबतं. आम्ही त्याला ब्लॉक टाइम म्हणतो. यात मुंबईला रनवेपर्यंत रांगेत जाणं आलं, तिकडे उतरल्यावर गेटपर्यंत जाणं आलं, दोन्ही मिळून अर्धा तास सहज जातो. वर कंपन्या थोडा हात राखून वेळ छापतात, म्हणून बरेचदा पायलट अनाउन्स करतो की आपण वीस मिनिटं लवकर आलोय.

मग अंतर. मुंबई-लंडन ७,२०० किमी हा आकडा पृथ्वीच्या गोलावरचं सगळ्यात जवळचं अंतर आहे, ते गणितातलं अंतर झालं. त्या रेषेवरून विमान जाऊ शकतंच असं नाही. ही रेषा कुठून जाते बघा, अरबी समुद्र, मग पाकिस्तानातलं बलुचिस्तान, इराण, पुढे जॉर्जियाच्या आसपास अर्धा रस्ता होतो, मग काळा समुद्र, युक्रेन, पोलंड, जर्मनी. आता युक्रेनचं आकाश २४ फेब्रुवारी २०२२ पासून नागरी विमानांना बंद आहे, आणि पाकिस्तानने २४ एप्रिल २०२५ ला भारतीय कंपन्यांना स्वतःचं आकाश बंद केलं. म्हणजे भारतीय कंपनीचं विमान असेल तर त्या सरळ रेषेचे दोन तुकडे एकदम गेले. मग ओमान, आखात, तिथून तुर्कस्तान, पुढे पूर्व युरोपच्या दक्षिण बाजूने वर, असं काहीतरी जावं लागतं, आणि आखातातली परिस्थिती बिघडली की तेही बदलतं. जून २०२५ मध्ये इराण-इस्रायल पेटलं तेव्हा इराण, इराक, जॉर्डन सगळ्यांनी काही काळ आकाश बंद केलेलं, आणि २३ जूनला कतारनेही काही तास बंद केलं होतं. असे मार्ग रोज नव्याने काढावे लागतात. तर ७,२०० च्या ऐवजी साधारण ७,७०० धरा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, वारा. विमान ९०० ने जातं म्हणजे आजूबाजूच्या हवेच्या तुलनेत ९०० ने. ती हवाच पळत असते. आपल्या उत्तर गोलार्धात साधारण दहा-बारा किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जोरदार वारे आहेत, जेट स्ट्रीम म्हणतात त्याला, आणि हिवाळ्यात ध्रुवाकडच्या आणि विषुववृत्ताकडच्या तापमानात फरक जास्त असतो म्हणून ते जास्त जोरात असतात. लंडनला जाताना हा वारा तोंडावर, येताना पाठीवर.

सरासरी ६० चा वारा धरू. जाताना जमिनीच्या तुलनेतला वेग ८४०, ७,७०० भागिले ८४०, म्हणजे ९ तास १० मिनिटं. येताना वेग ९६०, म्हणजे ८ तासांच्या जवळपास. अर्धा अर्धा तास मिळवा, ९:४० आणि ८:३०. तुमच्या तिकिटावरचे पावणेदहा इथे जुळले. येतानाचे नऊ थोडे जास्त वाटतात कारण संध्याकाळी लंडनच्या हीथ्रो विमानतळावरून निघताना गर्दी असते, कंपनी ती धरून वेळ देते.

वाऱ्याची ताकद किती असते त्याचं उदाहरण, ८-९ फेब्रुवारी २०२० ला ब्रिटिश एअरवेजचं ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं होतं. एरवी साडेसहा-सात तास लागतात. वादळामुळे वारा इतका होता की जमिनीवरचा वेग ताशी १,३०० किमीच्या वर गेला, आणि तरी विमान त्या हवेच्या तुलनेत नेहमीच्याच वेगाने उडत होतं.

आई-बाबांना सांगा सीटसमोरच्या स्क्रीनवर मॅप लावा, त्यात ग्राउंड स्पीड म्हणजे जमिनीच्या तुलनेतला वेग आणि हेडविंड म्हणजे तोंडावरचा वारा, दोन्ही दिसतं. वेळही छान जातो.


कोथरूडची_लेक:

बापरे, इतकं नीट आजपर्यंत कोणी सांगितलं नव्हतं, मनापासून आभार दादा. बाबांना वाचून दाखवलं, त्यांना वाऱ्याचं पटलं पण ते म्हणतात पृथ्वीच्या फिरण्याचं काय, ते राहिलंच.


भूगोलाच्या_बाई:

बाबांचा प्रश्न उत्तम आहे, शाळेत मुलं दरवर्षी हाच विचारायची आणि मला तो विचारणारी मुलं फार आवडायची. पृथ्वी फिरते आणि तिच्याबरोबर तिच्यावरची हवाही फिरते. विमान धावपट्टीवर उभं असतानाच त्या फिरण्याचा भाग असतं, आपल्या अक्षांशावर हा वेग ताशी १,५०० किमीच्या वर आहे, आणि उडालं म्हणून तो वेग त्याचा काही सुटत नाही. डेक्कन क्वीनच्या डब्यात बसून चेंडू सरळ वर उडवला तर तो परत हातातच येतो, मागच्या सीटवर जाऊन पडत नाही, तसंच. त्यामुळे लंडन आपल्याकडे सरकत येत नाही.

पण बाबांना हेही सांगा की फिरण्याचा संबंध अगदीच नाही असं नाही. विषुववृत्ताकडून तापलेली हवा वर जाऊन ध्रुवाकडे निघते, आणि पृथ्वी फिरत असल्यामुळे ती सरळ उत्तरेला न जाता पूर्वेकडे वळते. वर डिस्पॅचवाल्यांनी सांगितलेले वारे पूर्वेकडे वाहतात ते त्यामुळेच. म्हणजे पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम होतो, पण बाबा म्हणतात त्याच्या बरोबर उलट दिशेने, जायला उशीर आणि यायला लवकर.

आणि घरात पृथ्वीगोल असेल तर एक करून बघा. मुंबईवर दोऱ्याचं एक टोक धरा, दुसरं लंडनवर, आणि दोरा घट्ट ताणा. भिंतीवरच्या नकाशावर आपण जी सरळ रेघ मारू त्याच्यापेक्षा दोरा बराच उत्तरेकडून जातो. नकाशा सपाट केला की उत्तरेकडचे देश ओढून रुंद केलेले असतात, म्हणून तिथली जवळची वाट आपल्याला लांबची वाटते. विमानात स्क्रीनवरची वाट कमानीसारखी वाकडी दिसली की लोक म्हणतात पायलट फिरवून नेतोय, तर तसं नसतं.


लोहगाव_नाका:

एजंटच्या मुद्द्याबद्दल लिहितो, कारण ही पुण्यातल्या प्रत्येकाची अडचण आहे.

अंतर फारसं वाढत नाही हे तो खरंच सांगतोय. पुणे-दिल्ली हवाई अंतर साधारण १,१६० किमी, दिल्ली-लंडन ६,७०० च्या आसपास, म्हणजे झाले ७,८६०. दुबईमार्गे तर अजून कमी, पुणे-दुबई दोन हजार आणि थोडे, पुढे लंडन साडेपाच हजार, बेरीज साडेसात हजारांच्या जवळ. सरळ अंतर ७,३००, म्हणजे दोन-अडीचशे किमीच वाढले. पण आपण काय किलोमीटर थोडेच घालवतो, आपले तास जातात. दुबईला मधे तीन तास थांबायचं असेल तर तेवढ्यात विमान अडीच हजार किमी गेलं असतं असा हिशोब करून बघा, मग कळेल अंतर बघण्यात काही अर्थ नाही.

दिल्लीचं म्हणाल तर पुणे-दिल्ली सव्वादोन तास, मग दिल्लीला टर्मिनल, इमिग्रेशन, सिक्युरिटी परत सगळं, आणि पाकिस्तानचं आकाश बंद असल्याचा फटका दिल्लीच्या विमानांना मुंबईपेक्षा खूप जास्त बसतो कारण त्यांना आधी खाली गुजरातकडे यावं लागतं मग पश्चिमेला वळायचं. शिवाय डिसेंबर-जानेवारीत दिल्लीचं धुकं, तुमचे आई-बाबा नोव्हेंबरअखेर जातायत म्हणजे तेव्हा थोडं बरं असेल पण धुक्याचा भरवसा नाही. आणि एक फार महत्त्वाचं, एजंट दोन वेगवेगळी तिकिटं जोडून देत असेल तर अजिबात घेऊ नका. एकच पीएनआर हवा. वेगळी तिकिटं असली आणि पहिलं विमान लेट झालं तर दुसऱ्या कंपनीची काही जबाबदारी नसते, नवं तिकीट आपल्या खिशातून.

राहता राहिलं पुण्याहून थेट का नाही. लोहगाव हा मुळात हवाई दलाचा तळ आहे, नागरी विमानं तिथली धावपट्टी वापरतात. ती साधारण अडीच किमी लांब आहे, मुंबईची मुख्य धावपट्टी साडेतीन किमीच्या जवळपास. शिवाय पुणे समुद्रसपाटीपासून ५९० मीटरच्या आसपास उंच, हवा विरळ, उन्हाळ्यात तापलेली, म्हणजे जड विमानाला उडायला अजून जास्त लांबी लागते. दहा तासांचं इंधन आणि अडीचशे माणसं घेऊन मोठं विमान इथून उठवणं अवघड आहे. २००८ मध्ये लुफ्तान्साने पुणे-फ्रँकफर्ट सुरू केलं होतं तेसुद्धा एअरबस ३१९ हे लहान विमान होतं, आणि तेही सगळं बिझनेस क्लास, मोजकी माणसं. जुलै २०२४ पासून नवीन टर्मिनल सुरू झालं, छान आहे, बसायला जागा भरपूर आहे, पण टर्मिनल मोठं झालं म्हणून धावपट्टी लांब होत नाही. एवढं मोठं शहर, इतकी मुलं परदेशात, दर घरातले आई-बाबा म्हातारपणी पहाटे उठून घाट उतरून मुंबई गाठतायत, हे बघून खरंच वाईट वाटतं. पुण्याला स्वतःचा मोठा विमानतळ हवाच आणि लवकर हवा, यावर माझं मत ठाम आहे.


रेडिंगवाला_पुणेकर:

मी तुमच्या भावाच्याच गावात राहतो, म्हणून या टोकाकडचं सांगतो.

पहिली गोष्ट, हीथ्रोला दोनच धावपट्ट्या आणि दिवसभर त्या भरलेल्या, त्यामुळे आलेली विमानं वर गोल गोल फिरत ठेवतात. लंडनभोवती अशा चार जागा ठरलेल्या आहेत, बॉव्हिंग्डन, लॅम्बर्न, बिगिन आणि ऑकम. उतरायच्या आधी दहा-पंधरा मिनिटं विमान वळणंच घेत राहिलं तर आई-बाबांना सांगून ठेवा की घाबरायचं कारण नाही, इथे हे रोजचंच आहे. पहिल्यांदा येणारी माणसं त्या वेळी फार घाबरतात, काहीतरी बिघाड झाला असं वाटतं त्यांना.

दुसरी गोष्ट, तुम्ही पावणेदहा तासांचा विचार करताय, पण बाबांच्या इन्सुलिनसाठी तो आकडा उपयोगाचा नाही. घरातून निघाल्यापासून भावाच्या घरात पाऊल टाकेपर्यंत किती, तो मोजा. विमान १:१५ चं, म्हणजे सव्वादहापर्यंत मुंबईच्या टर्मिनल २ ला (टी-२) पोचायला हवेत. कोथरूडहून चांदणी चौक, बायपास, एक्स्प्रेसवे, पुढे वाशी, चेंबूर, सांताक्रूझ-चेंबूर लिंक रोड, रस्ता मोकळा असला तर साडेतीन तास, पण अशा प्रवासाला पाच धरायचे. म्हणजे पहाटे पाचला घर सोडलं. संध्याकाळी साडेपाचला हीथ्रो, तेव्हा पुण्यात रात्रीचे अकरा. इमिग्रेशनची रांग, बॅगा, दीड तास सांगतो. सातला बाहेर, गाडीने रेडिंग, सामान उतरवून चहा हातात येईपर्यंत आठ. पुण्याच्या घड्याळाने रात्रीचा दीड. पहाटे पाच ते रात्री दीड, साडेवीस तास. त्यातले विमान हवेत असल्याचे नऊ-सव्वानऊ. बाकीचे अकरा जमिनीवर जातात आणि दमवतात तेच.

व्हीलचेअर आत्ताच बुक करा, दोघांसाठीही, चालता येत असलं तरी. टी-२ आणि हीथ्रो दोन्हीकडे चालणं प्रचंड आहे, आणि व्हीलचेअरवाल्यांबरोबर एक माणूस असतो तो इमिग्रेशनपाशी सोबत राहतो, भाषेची धास्तीही कमी होते. आधी सांगावं लागतं, ऐनवेळी काउंटरवर मागितली तर थांबावं लागतं. काही आई-बाबांना व्हीलचेअरमध्ये बसायला संकोच वाटतो, माझ्या आईलाही वाटला होता, तिला म्हटलं हे पायांसाठी नाही वाट चुकू नये म्हणून आहे, मग तयार झाली.

अजून एक, परतीचं तिकीट मार्चच्या मध्याचं आहे ना, ते पुढे ढकलायचं ठरलं तर लक्षात ठेवा, इथली घड्याळं मार्चच्या शेवटच्या रविवारी एक तास पुढे जातात. त्यानंतर भारताशी फरक साडेपाच नाही, साडेचार तासांचा. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी परत मागे. फोन करायच्या आणि औषधाच्या वेळा त्याप्रमाणे बदलतात.


कोथरूडची_लेक:

साडेवीस तास वाचून पोटात गोळाच आला. मी पावणेदहाच्या हिशोबाने डबा आणि औषधं काढली होती. बाबा सकाळी आठला आणि रात्री आठला इन्सुलिन घेतात. पुण्याचे रात्रीचे आठ म्हणजे विमानातच असणार. आणि मग लंडनला पोचल्यावर पुन्हा रात्रीचे आठ वाजणार! मग दोनदा घ्यायचं का? डॉक्टरांची अपॉइंटमेंट घेतली आहे पण काय विचारायचं ते कळेना.


सदाशिव_पेठी_डॉक्टर:

दोनदा अजिबात नाही. आणि डोस बदलण्याचं इथे कोणीही सांगू नये, मीही सांगणार नाही, कारण कुठलं इन्सुलिन आहे, किडनी कशी आहे, शुगर किती वर-खाली होते यावर सगळं अवलंबून असतं. पण डॉक्टरांकडे जाताना काय घेऊन जायचं ते सांगते.

एका कागदावर दोन रकाने करा, एकात पुण्याची वेळ, एकात लंडनची, आणि पहाटे पाचपासून पुढचे तीस तास लिहा. कुठे जेवण मिळणार, कुठे झोप, कुठे रांगेत उभं राहायचं, सगळं त्यात मांडा. पश्चिमेला जाताना दिवस साडेपाच तासांनी लांबतो, येताना तेवढाच आखूड होतो, म्हणजे जाताना दोन डोसांमधलं अंतर वाढू शकतं आणि येताना कमी होतं. डॉक्टर तुम्हाला त्याच कागदावर खुणा करून देतील, दोन्ही बाजूंचं विचारा, परतीचं लोक विसरतात. कागद बाबांच्या खिशात आणि एक प्रत आईकडे.

इन्सुलिन, सुया, ग्लुकोमीटर, सगळं हातातल्या बॅगेत, कार्गोच्या बॅगेत कधीच नाही. बॅग हरवली तर पंचाईत, आणि खाली इन्सुलिन गोठायची शक्यता असते, एकदा गोठलेलं इन्सुलिन वापरायचं नसतं. चार महिन्यांचा साठा असेल तर दोघांच्या हातातल्या बॅगांमध्ये विभागून ठेवा. डॉक्टरांची सही-शिक्क्याची इंग्रजी चिठ्ठी हवी, औषधाच्या नावासकट. १०० मिलीचा नियम गरजेच्या औषधांना आडवा येत नाही, पण सिक्युरिटीला आपणहून आधी सांगायचं.

विमानात जेवणासोबतचं इन्सुलिन असेल तर ताट समोर आल्याशिवाय घेऊ देऊ नका. जेवणाची गाडी गॅलीत, म्हणजे विमानातल्या किचनमध्ये, वाजायला लागली म्हणजे जेवण आलं असं नसतं, हवा खराब झाली की सर्व्हिस थांबवतात आणि मग अर्धा-पाऊण तास काही येत नाही. जवळ ग्लुकोजच्या गोळ्या, बिस्किटं, पोळीची गुंडाळी, काहीही असू द्या. पाणी पीत राहणं, आणि दर तास-दीड तासाने उठून दोन-चार मिनिटं पॅसेजमधून चालणं, हे दोघांनाही. त्यासाठी पॅसेजची सीट घ्या, खिडकीचा मोह नको. पायांत घट्ट मोजे घालायचे का ते तुमच्या डॉक्टरांनाच विचारा, मधुमेहात पायांचा रक्तपुरवठा तपासल्याशिवाय घालू नयेत.


डिस्पॅच_डेस्क:

डॉक्टरबाईंचं अगदी बरोबर आहे. त्यात एकच जोडतो, कागदावर जेवणाची वेळ लिहिताना पहिलं जेवण उड्डाणानंतर साधारण तास-दीड तासाने धरा आणि दुसरं उतरायच्या दीड-दोन तास आधी. मधे जो सलग पाच-सहा तासांचा पट्टा आहे त्यात काही मागितल्याशिवाय येत नाही, तेव्हा बाबांचं खाणं आईने हाताशी ठेवायचं, वरच्या कप्प्यात नाही. आणि क्रूला चढल्या चढल्या सांगून ठेवा की इन्सुलिनचे पेशंट आहेत, ते लक्ष ठेवतात.


घाटमाथा_७२:

रस्त्याचं राहिलं. नोव्हेंबरअखेर म्हणजे पावसाळा संपलेला, आडोशी बोगद्यापाशी दरडीची भीती नाही, ते बरं. पण वार बघा. शनिवारी सकाळी निघू नका, लोणावळ्याची सगळी गर्दी त्याच वेळी एक्स्प्रेसवेवर असते आणि खंडाळा घाटात एक कंटेनर बंद पडला की तास-दोन तास गेले समजा. मंगळवार-बुधवारचं तिकीट मिळालं तर घाट मोकळा मिळतो आणि तिकीटही बरेचदा स्वस्त असतं. शेअर गाडी घेऊ नका, ती चार घरं फिरत जाते. स्वतंत्र गाडी, आणि ड्रायव्हर रात्रभर चालवून आलेला नाही ना एवढं आदल्या दिवशी विचारून घ्या, मी तर नेहमी विचारतो.

जमत असेल तर आदल्या संध्याकाळी मुंबईला जाऊन कोणा नातेवाइकांकडे राहा. दुपारचं विमान आहे, सकाळी आठचं इन्सुलिन आणि नाश्ता शांतपणे घरात होईल, गाडीत नाही.


कोथरूडची_लेक:

हे सुचलंच नव्हतं! मावशी चेंबूरला राहते, तिच्याकडून टी-२ अर्ध्या-पाऊण तासावर. आदल्या दिवशी दुपारी पुण्याहून निघायचं, मावशीकडे मुक्काम, सकाळचं इन्सुलिन तिच्याकडे, साडेनऊला निघायचं. मग प्रवासाचा दिवस साडेवीस तासांवरून सोळावर येतो, आत्ताच बाबांनी परत कागदावर मांडलं. थेट विमान नक्की, बुधवारचं बघतेय. दोन रकान्यांचा कागद आजच करायला घेते. पृथ्वीच्या फिरण्याचं बाबांना पटलं, आता ते गोल आणि दोरा शोधतायत.

एक शेवटचं, एजंटच्या मेसेजमध्ये एका पर्यायावर मुंबईऐवजी एनएमआय असं लिहिलंय, ते काय आहे?


लोहगाव_नाका:

ते नवी मुंबई विमानतळ, उलव्याचं. उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं आणि २५ डिसेंबर २०२५ पासून देशांतर्गत विमानं सुरू झाली. आपल्या सांताक्रूझ-अंधेरीच्या विमानतळाचा कोड बीओएम. पुण्याहून जाणाऱ्याला एनएमआय सोयीचं आहे कारण पनवेलच्या पुढे मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये शिरावंच लागत नाही, पण तुमच्या पर्यायात एनएमआय असेल तर तिथून आधी दुसऱ्या शहरात नेऊन मग लंडन असं आहे का ते बघा. एजंटला सरळ विचारा की विमान कुठून सुटतं, मधे थांबतं का, आणि सगळं एका पीएनआरवर आहे का. तिकीट हातात आलं की कोड स्वतः वाचा आणि ड्रायव्हरलाही तोच विमानतळ सांगा, नुसतं "मुंबई एअरपोर्ट" म्हणू नका, आता ते दोन आहेत.